हँडल परत न करणारा प्रोग्राम

नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या दूध डेअरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवायला माझ्या वहिनीला ठेवलं. मंचरला जाऊन कोर्स केलेली गावात ती एकटीच. घराबाहेरचं हे तिचं पहिलं काम, त्यामुळे सुरुवातीला स्वारी फार खुशीत होती.

पण लवकरच रोज सकाळी तोच तमाशा सुरू झाला. दहा-पंधरा जणांचं दूध घालून झालं की मशीन ठप्प. बंद करून चालू केलं की पुन्हा तेवढंच चालायचं. कॅन घेऊन ताटकळलेली माणसं वहिनीच्या नावानं खडे फोडायची. चेअरमन तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईमाणसाच्या हाताला मशीन सोसत नाय, राव." प्रोग्राम लिहिणाऱ्या पुण्याच्या साहेबानंही फोनवरून त्यांचीच री ओढली.

मी तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर शिकत होतो. दिवाळीला घरी आलो, तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, माझं काय चुकतंय तेवढं बघा. न्हाई तर काढतील मला."

मूळ प्रोग्राम त्याच मशीनवर पडला होता. तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. फाईल हवी असली की प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला 'ओपन' म्हणतो आणि ती एक आकडा देते. तोच हँडल. काम झालं की 'क्लोज' म्हणून तो परत करायचा, कारण सिस्टिमकडे हँडल मोजकेच असतात. या पठ्ठ्यानं प्रत्येक गवळ्याची वेगळी फाईल उघडली होती आणि एकही बंद केली नव्हती! हँडल संपले की सिस्टिम सरळ नकार द्यायची, पण तो नकार तपासण्याचेही कष्ट साहेबानं घेतले नव्हते. त्याच्या आळसापायी माझी वहिनी रोज शिव्या खात होती.

मी 'क्लोज'ची एक ओळ घातली आणि प्रोग्राम पुन्हा तयार केला. दुसऱ्या सकाळी शेवटच्या कॅनपर्यंत मशीन एकदाही अडलं नाही. मी चेअरमनना सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, "चारचौघांत तिला बोललात, आता चूक तिची नव्हती हेही चारचौघांत सांगा."

"सांगतो की. पटलं मला," ते म्हणाले. वहिनी समोरच खुर्चीवर होती. तिच्याकडे न बघताच ते पुढं बोलले, "पण उद्यापासनं आमचा भाचा बसंल हितं. मशीन नीट झालंय न्हवं आता? मग कुणालाबी जमंल."