दोन काळ्या टोप्या

झाशीत तेव्हा पत्र्याच्या छपराचं एक स्वस्त टॉकीज होतं. पुढे जमिनीवर बसायचं, मागे बाकं आणि कडेला बायकांचा कप्पा. कप्प्याला जाड पडदा. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की दिवे लागायचे. त्याआधी दारावरची बाई पडदा ओढायची आणि अंधार झाला की बाजूला सरकवायची. म्हणजे पुरुष दिसणार ते अंधारातच. ही सोय कुणी काढली कोण जाणे.

तिथे मला मुलगा बघायचा होता. घरी दाखवतात तेव्हा मान खाली घालून काय दिसतं? आत्या म्हणाली, "गुरसरायचा मुलगा दुपारच्या खेळाला येणार आहे. नीट बघ. संध्याकाळी बाबा हो की नाही विचारतील, तेव्हा माझ्याकडे बघत बसू नकोस."

"ओळखू कसा?"

"काळी टोपी. इथे आपल्या मराठी माणसांशिवाय घालतं कोण?"

सिनेमा सुरू झाला आणि मागून ओरडा झाला, "टोपी उतारो भैया, कछू नईं दिखात!" थोड्या वेळाने रीळ तुटलं. दिवे लागले. दारावरची बाई सिनेमात गुंग, पडदा उघडाच. सगळ्या बायकांनी पदरात तोंडं लपवली. आत्यानेसुद्धा. मी बघून घेतलं. काळ्या टोप्या दोन होत्या. एक बाकावर, ताठ बसलेला. दुसरा जमिनीवर शेंगा फोडत होता.

"आत्या, दोन आहेत!"

"दोन कसे असतील?" तिने पदर काढेपर्यंत पडदा ओढला गेला.

शेंगावाला मला नको होता. पण नाही म्हटलं तर बाकावरचाही जाणार. संध्याकाळी मी हो म्हटलं.

लग्नात अंतरपाट सरकला तर समोर तिसराच माणूस. मी आत्याकडे बघितलं. ती अक्षता टाकत होती.

महिन्याभराने ह्यांना विचारलं, "तुम्ही टॉकीजला आला होतात ना?"

"होतो की. मागचे ओरडले म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवली."

"मग मी दिसले का?"

"कुठली! सगळ्या पदराआड. एकच पोरगी, लांबून नीट दिसली नाही, पण उघड्या तोंडाने बाकावरच्या माणसाकडे टक लावून बघत होती. म्हटलं, ही काही आपली नसणार. म्हणून तर हो म्हटलं."

ती पोरगी मीच, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आमचा संसार झाला, वाईट झाला नाही. पण त्या दिवशी दोघांनी हो म्हटलं ते कुणाला, हे मला अजून कळलेलं नाही.