धाकटीचा तास

आई आमच्या गावी, उंद्रीला, बुद्धविहाराच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी तिला बुलढाण्याला माझ्याकडे आणलं. मी इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. लग्न केलं नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची, एवढं माझं घर. आईसाठी म्हणून धाकटी बहीण इंग्लंडहून आली आणि दोन महिने राहिली.

धाकटी तिकडच्या एका विद्यापीठात बाहेरदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना लिहायला शिकवते. कथा-कविता नव्हे, प्रबंध, संशोधनाचे लेख, परीक्षेचे निबंध कसे लिहायचे, आपलं म्हणणं कसं मांडायचं, दुसऱ्याचं म्हणणं कुठे आणि कसं घ्यायचं, ते. तिला पूर्ण रजा मिळाली नव्हती, म्हणून ती तास इथूनच ऑनलाइन घ्यायची. रविवार सोडून रोज दुपारी साडेतीनला, माझ्या टेबलाशी बसून.

तेच काम मीही करते, हे आधी सांगितलं पाहिजे. एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. घरी वऱ्हाडी बोलणारी, घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी, उर्दू शाळेतून आलेली, हिंदीत विचार करणारी अशी सगळी मुलं माझ्या वर्गात असतात आणि त्या सगळ्यांना इंग्रजीत चाळीस पानं लिहायची असतात. लिखाणासाठी आठवड्याला एक वेगळा तास द्या, असं मी प्राचार्यांना चारदा तरी म्हटलं होतं. अभ्यासक्रमात बसत नाही, असं उत्तर मिळायचं.

आणि धाकटीला लिहायला मीच शिकवलं. ती आठवीत होती तेव्हा मी बी.ए. करत होते. रोज संध्याकाळी तिच्याकडून एक पान इंग्रजी लिहून घ्यायचे आणि लाल शाईने तपासून द्यायचे. वडील तेव्हा हयात होते, ते शेजाऱ्यांना ती पानं दाखवायचे. पुढे तिला शिष्यवृत्ती मिळाली, ती दिल्लीला गेली, मग बाहेर गेली. कुणीतरी आई-वडिलांजवळ राहायला हवं होतं, ती मी राहिले. मला कुणी थांबवलं नव्हतं. पण मनात हिशेब धरायचा तो मी धरलाच.

तिच्या पहिल्या काही तासांच्या वेळी मी कॉलेजातच असायचे. मग एके दिवशी लवकर घरी आले. टेबल तिच्याकडे, म्हणून स्वयंपाकघरात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले. मध्ये नुसता पडदा. तिच्या वर्गात व्हिएतनामची एक मुलगी होती, नायजेरियाचा एक चांगला पोक्त माणूस होता, सौदीची दोन मुलं, आणि एक चिनी मुलगी, जी प्रत्येक वाक्यानंतर माफी मागायची. धाकटी तिला म्हणाली, हे वाक्य आधी तुझ्या भाषेत लिही, मग आम्हाला सांग त्यात काय आहे. मुलीने लिहिलं, मोडकंतोडकं समजावलं, आणि मग तेच इंग्रजीत असं काही नेटकं म्हणाली की मी हातातला पेन खाली ठेवला. मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की हिला पंधरा पोरं आणि वर इंटरनेट, मला सत्तर पोरं आणि एक फळा. मग हिचं काय विशेष?

त्यानंतर मी रोज लवकर यायला लागले. आईचे व्यायाम घ्यायचेत, असं कॉलेजात सांगायचे.

धाकटीबद्दल मला सगळ्यात जास्त काय खुपत होतं ते सांगते. ती आईशी, दूधवाल्याशी, शेजारणीशी लख्ख वऱ्हाडी बोलायची. इतकी वर्षं बाहेर राहून तिची भाषा जशीच्या तशी होती, आणि मी इथे राहून माझी घालवली होती. फार पूर्वी पुण्याला एका प्रशिक्षणात मी "मले वाटते" म्हणाले होते आणि मागच्या बाकावर दोघं हसले होते. बुलढाण्याला परत आल्यावर मी वर्गात तसं बोलणं सोडलं. मग घरीही सुटलं. आई एकदा म्हणाली होती, तू आता रेडिओसारखी बोलते.

तिसऱ्या आठवड्यात एका तासाला नायजेरियाच्या माणसाने विचारलं की लिहायला बसलं की हात का आखडतो. धाकटी म्हणाली, माझाही आखडायचा. मला ज्यांनी पहिल्यांदा लिहायला शिकवलं त्यांनी माझ्या प्रत्येक पानावर इतकं लाल केलं की चुकू नये म्हणून मी लहान लहान वाक्यं लिहायला लागले. जे म्हणायचं ते सोडून द्यायचे, जे बरोबर येतं तेवढंच लिहायचे. ती भीती जायला दहा वर्षं लागली.

ती नाव घेऊन बोलली नव्हती. इंग्रजीत बोलली होती, हसत बोलली होती. मी गॅसवर चहा ठेवला होता तो उतू गेला. तास संपल्यावर ती आत आली, ओटा पुसू लागली, आणि मी दुसरं आधण ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात प्राचार्यांच्या कानावर गेलं की मॅडमच्या बहीण आल्या आहेत. त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, आणि एका दिवसाची कार्यशाळा ठेवू या म्हणाले. सभागृह, माइक, नाश्ता, शाल-श्रीफळ, सगळं ठरलं. ज्या तासासाठी मला चारदा नाही म्हटलं होतं, त्यासाठी अख्खा दिवस निघाला. पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तो फार चांगला करून दिला.

कार्यशाळेत माझी एक विद्यार्थिनी होती, रोहिणखेडची, उर्दू शाळेत शिकलेली. इथल्या होस्टेलवर राहायची. तिचा प्रकल्प तिच्या गावच्या आठवडी बाजारावर होता: कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं. विषय मलाही आवडला होता. पण दीड वर्षात ती माझ्यासमोर चार वाक्यं सलग बोलली नव्हती. मी पानं तपासून द्यायचे, ती मान हलवून घेऊन जायची.

धाकटीने तिला उभं केलं आणि वऱ्हाडीत विचारलं, "तुले बाजारात काय दिसलं ते सांग. इंग्रजी राहू दे. तुह्या घरी सांगशील तसं सांग."

मुलगी आधी माझ्याकडे पाहून घेते, हे मला तेव्हा दिसलं. मग ती म्हणाली, "मेरी अम्मी भाव वऱ्हाडी में करती है, मॅडम. पर भाव नहीं जमा तो उठते उठते उर्दू बोलती है. मतलब अब बात खत्म. दुकानवाला भी समझ जाता है."

सभागृहात हसू उठलं, ते चांगलं हसू होतं. धाकटी हसली नाही. म्हणाली, "हाच तुहा प्रबंध आहे. बाकीचं सगळं याच्यामागं लाव." मुलगी खाली बसली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा माझ्या वर्गात मी कुणाचा केला असेल तर मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. तिने पहिलं प्रकरण नव्याने लिहून काढलं होतं, सतरा पानं. इंग्रजीत ईमेल लिहायची भीती वाटते, तुम्ही ताईंना द्याल का, असं तिने विचारलं. धाकटीला ती ताई म्हणाली. मला मॅडम.

मी पानं पर्समध्ये ठेवली. घरी गेल्यावर ती कपाटात, माझ्या साड्यांच्या खाली गेली. त्या दिवशी विसरले, असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी नाही. रोज साडी काढताना ती पानं हाताला लागायची आणि मी घडी नीट करून कपाट लावून घ्यायचे. मुलगी एकदा व्हरांड्यात भेटली, मी म्हटलं, तिच्या मागे फार कामं आहेत. दुसऱ्यांदा भेटली तेव्हा तिने विचारलं नाही. तेही मला बरं वाटलं.

धाकटी मात्र विचारायची. जेवताना म्हणायची, त्या रोहिणखेडच्या पोरीने काही लिहिलं काय? मी म्हणायचे, ही मुलं अशीच, दोन दिवस उत्साह असतो. आई मध्ये म्हणाली, "पोरगी चांगली आहे म्हणत होती ना तू?" मी आईला भाजी वाढली.

धाकटी निघायला चार दिवस उरले होते. रविवारी सकाळी दार वाजलं. धाकटीने उघडलं. ती मुलगी उभी होती, सोबत होस्टेलची एक मैत्रीण. आत यायला तयार नव्हती. एकच विचारायचं होतं म्हणाली. लिहिलेलं फारच वाईट असेल तर तेवढं सांगा, मी दुसरा विषय घेते.

"कुठं आहे लिहिलेलं?" धाकटीने विचारलं.

"दहा दिवस झाले. मॅडमकडे दिलं होतं."

मी आईच्या पायाला पट्टी बांधत होते. धाकटीने वळून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पट्टीचा एक वेढा घालून होईल एवढा असेल. मग ती मुलीला म्हणाली, "हो, तिनं दिलं होतं मले. माह्याकडूनच राह्यलं. उद्या सकाळी ये, दोघी बसू."

मुलगी गेली. मला धाकटीने वाचवलं होतं आणि त्याचाही मला राग आला. चांगुलपणासुद्धा तिनेच करायचा, एवढंसुद्धा माझ्या वाट्याला ठेवलं नाही, असं वाटलं. मी कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या आणि पानं तिच्यापुढे ठेवली.

"काऊन असं केलं, ताई?"

मी सांगितलं. पडद्याआडून ऐकलं तेही सांगितलं, नायजेरियाच्या माणसाचा प्रश्न आणि तिचं उत्तर शब्दाशब्दाने. सांगता सांगता माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुझ्यासाठी रोज संध्याकाळी बसायचे मी, माझा अभ्यास ठेवून, आणि तू जगभरच्या लोकांपुढे मला असं उभं केलंस.

तिला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. "खोटं नव्हतं ते," ती म्हणाली. "तू मले लिहाले शिकवलं. भ्यायलेही शिकवलं. दोन्ही तूच. मी एकच सांगितलं त्यायले, ते चुकलं. पण त्या पोरीनं तुहं काय घोडं मारलं होतं?"

आई पलंगावरून म्हणाली की दोघींनी आता चहा ठेवावा. आम्ही ठेवला.

दुपारी, एरवी तिच्या तासाची असायची त्या वेळेला, मी ती सतरा पानं वाचली. रविवारी तास नसायचा, टेबल मोकळं होतं. पहिली तीन पानं मीच शिकवल्याप्रमाणे होती: भाषा म्हणजे काय, भाषेचं महत्त्व, प्राचीन काळापासून मानव. ती मी वर्षानुवर्षं सगळ्यांकडून लिहून घेत आले होते. अम्मीचं वाक्य अकराव्या पानावर होतं. वाचताना मला ते ओळखीचं वाटलं. मी जुनी फाइल काढली. तेच वाक्य तिने मला वर्षापूर्वी दिलेल्या पानांतही होतं, अगदी वाईट इंग्रजीत. मी त्यातला एक प्रत्यय सुधारला होता आणि पुढे गेले होते. समासात टिंबसुद्धा नव्हतं.

सोमवारी सकाळी मुलगी आली. धाकटीने मलाही बसवून घेतलं. तिने हातात पेन घेतला नाही. फक्त विचारत गेली: हे तुला कसं कळलं, कुणी सांगितलं, उलट झालेलं कधी पाहिलंस काय. मुलगी सांगत गेली, आणि सांगितलेलं स्वतःच लिहून घेत गेली. मग धाकटीने पहिली तीन पानं उचलली आणि म्हणाली, हे काढून टाकू. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढ. ते माझं आहे, तुझं नाही." हे म्हणायला मला जड गेलं, आणि म्हणून झाल्यावर हलकं वाटलं असंही नाही.

मुलगी निघताना मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. पानं माझ्याकडेच पडून होती, ताईंची काही चूक नव्हती, असं सांगितलं. तिने पानं पिशवीत सरकवली. "मालूम था, मॅडम," म्हणाली, आणि दुपट्टा सावरून खाली उतरली. रागावली होती का, ते मला आजही नक्की ठाऊक नाही. पुढची प्रकरणं तिने मलाच दाखवली. प्रकल्पाला विद्यापीठात चांगले गुण मिळाले, आता ती पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करते आहे.

धाकटी गेली. कार्यशाळेचे फोटो पेपरात आले म्हणून खूश होऊन प्राचार्यांनी लिखाणाचा तास वेळापत्रकात टाकला, बुधवारी शेवटचा. तो मी घेते. मुलांना आधी घरच्या भाषेत बोलायला लावते. पहिल्या बुधवारी मी फळ्याकडे तोंड करून "मले काय वाटते ते सांगतो" असं म्हणून पाहिलं आणि कान तापले. आता तेवढं होत नाही. सुलतानपूरचा एक मुलगा मराठवाड्याकडचं बोलतो, त्यावरून बाकीचे त्याला चिडवतात आणि तास बरा जातो. पण एखाद्याचं वाक्य अचानक उघडतं, वर्ग शांत होतो, तेव्हा मला पहिल्यांदा आठवते ती धाकटी. हे तिचं आहे, माझं नाही, असं वाटून तोंड कडू होतं. मग मी पुढच्याला उभं करते.

आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो. आई आता काठीने चालते. मुलं अधूनमधून विचारतात, बाहेरच्या ताई परत कधी येणार? मी म्हणते, माहीत नाही. खरं तर तिकीट काढलं की ती सगळ्यात आधी मलाच तारीख कळवते.