एम.बी.ए.ची ग्रेड काढणारे सुकलाल नाना

जळगावात मेहरूणच्या भाजीबाजारात सुकलाल नाना दिसले की वांगीवाल्या बाया पाटीवर पदर टाकायच्या. नाना वरचं वांगं कधी घ्यायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात पाटीत खुपसून तळातलं एक वर काढायचे, उन्हात धरून बघायचे, मगच भाव विचारायचे. रचलेली पाटी सगळी विस्कटून जायची. बाया तोंडाला येईल ते बोलायच्या आणि नाना शांतपणे म्हणायचे, "वरला माल बठ्ठासना चांगलाच ऱ्हास, माय." म्हणजे वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतो.

ही खोड नोकरीनं लावलेली. जामनेरच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाड्यांची रांग लागायची. नाना गाडीवर चढून कापसात खांद्यापर्यंत हात घालायचे, तळातला मूठभर बाहेर काढायचे, ओल बघायचे, चिमटीत धागा ओढायचे आणि प्रत सांगायचे. शेतकऱ्यानं पुढे केलेला चहा प्रत सांगून झाल्यावरच प्यायचे. रिटायर होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. जळगावात माझ्याइतकं हुशार कोणी नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. धुळ्याला नव्यानं निघालेल्या एका कॉलेजात एम.बी.ए., नाहीतर जळगावातच एम.पी.एम., म्हणजे कारखान्यातली नोकरभरती आणि कामगारांचं खातं सांभाळायचं शिक्षण. सोमवारपर्यंत एक फॉर्म भरायचा होता. वडील एस.टी.त मेकॅनिक, माझ्या पाठीवर दोन बहिणी. त्यांनी बजावलं होतं की एकदाच शिकवीन, मध्येच कोर्स बदलायचा म्हणालास तर माझ्याकडे येऊ नकोस.

मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं विचार करायला बसलो. वहीत दोन रकाने आखले, लाल आणि हिरव्या शाईनं गुण दिले. दोन्हीकडे सारखेच आले. मग एम.बी.ए.च्या रकान्यात 'टाय' असं लिहून एक गुण वाढवला. खोटं कशाला सांगू, त्या माहितीपुस्तकातल्या गुळगुळीत फोटोत सगळी मुलं टाय लावून कॉम्प्युटरपुढे बसली होती, आणि त्यांच्यात मी मला केव्हाच बसवून टाकलं होतं. इतकंच नाही, नावापुढे एम.बी.ए. लावलेली शंभर व्हिजिटिंग कार्डंही छापून आणली होती. फॉर्म भरायच्या आधी. त्यातली दहा-बारा वाटूनही झाली होती.

वडिलांनी ते पुस्तक नानांना दाखवलं. नानांनी ते शेवटच्या पानापासून उघडलं, कागद चिमटीत चोळला आणि विचारलं, "गाडी कुठे उभी शे?" मला कळेना. त्यांना कॉलेज बघायचं होतं. शनिवारी सकाळी धुळ्याच्या एस.टी.त मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो आणि शेजारी नाना पायात टायरच्या चपला घालून. कोणी ओळखीचं भेटू नये एवढीच माझी देवाजवळ मागणी होती.

कॉलेजच्या दारात मी सरळ ऑफिसकडे वळलो, तर नानांनी दंड धरला. इमारतीला वळसा घालून मागच्या कॅन्टीनमध्ये नेलं. तिथे दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा चहा पीत होता. नानांनी त्याच्या गावाची, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि हळूच त्याची गेल्या वर्षीची वही मागितली. ती त्यांनी मागून चाळायला घेतली. पानंच्या पानं कोरी. शेवटचा मजकूर दिवाळीच्या आधीचा होता. मुलगा ओशाळला. शिकवायला एक वकील यायचे, त्यांची कोर्टातली कामं वाढली तसे ते येईनासे झाले. कॉम्प्युटर एकच होता, त्याच्या खोलीला कुलूप. परीक्षा गाइडावर दिली, असं त्यानं स्वतःच सांगितलं. नानांनी वही नीट मिटून त्याच्या हातात दिली, आणि मग चहा मागवला.

परतताना पारोळ्यापर्यंत मी तोंड फुगवून होतो. मग मीच म्हणालो, "नाना, आता तुम्हीच सांगा, कुठे जाऊ?"

"मी प्रत सांगस, भाऊ. लेवानं का नई, ते लेनारानी ठरावानं."

मला भयंकर राग आला. त्यांनी ठरवलं असतं तर जन्मभर त्यांच्या नावानं बोटं मोडायची सोय झाली असती. सोमवारी मी जळगावच्या एम.पी.एम.चा फॉर्म भरला आणि महिनाभर नानांशी बोललो नाही. कार्डाच्या कोऱ्या बाजूवर आई दुधाचा हिशोब लिहायची, तेवढाच त्यांचा उपयोग झाला.

पुढे मी एका चटईच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर झालो. ऑफिसर म्हणजे हजेरी, रजेचे अर्ज आणि मुलाखती. सात-आठ वर्षांनी पेपरात एक अभिनंदनाचा फोटो पाहिला. कॅन्टीनमधला तो वहीवाला, पुण्यात मोठ्या कंपनीत मॅनेजर! माझ्या पोटात दुखलं. पेपर घेऊन तडक नानांकडे गेलो. ते तेव्हा अंथरुणालाच खिळले होते, आणि तरी मी त्यांना टोचून वाचून दाखवलं. माझा असा हलकटपणा.

नानांना उलट आनंद झाला. पोरगा चांगला निघाला म्हणाले.

"कालेज मी पाह्यं," ते म्हणाले. "पन तुले काय शिकानं व्हतं रे, भाऊ? ते मी इचारंच नई."

तुम्हाला नक्की काय करायचंय, हा प्रश्न त्याच आठवड्यात मी तीस उमेदवारांना विचारला होता आणि अडखळणाऱ्यांचे गुण कापले होते. मी अडखळलोसुद्धा नाही. सरळ विचारलं, "नाना, चहा घेता का?"

घेऊ म्हणाले, पण तू सांग. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, चहा आणला. मी माझा घाईघाईनं संपवला आणि शिफ्टची वेळ झाल्याचं सांगून उठलो. शिफ्ट वगैरे काही नव्हती, रविवार होता.

पंधरा दिवसांनी नाना गेले. मी भेटायला गेलो तेव्हा अक्का रडत नव्हत्या. कपबश्या आवरता आवरता मला म्हणाल्या, "रोज इचारेत, तो सांगाले येल शे का म्हनीसन."