बशीत तीन गोळ्या

इथे ख्राइस्टचर्चला आमच्या शेजारच्या आजोबांची अट सरळ होती. जितक्या अंतरावरून हरणावर गोळी झाडायची, तितक्याच अंतरावर आधी कागदावर लागोपाठ तीन गोळ्या चहाच्या बशीएवढ्या गोलात बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर हरणाच्या वाटेला जायचं नाही. तरुणपणी त्यांच्या हातून एक हरिणी नुसतीच जखमी झाली आणि दोन दिवस डोंगर पालथा घालूनही सापडली नाही. ऐंशीच्या घरातला हा माणूस ते सांगताना अजूनही खाली बघतो.

त्यांची नजर आता जात चालली होती. समोरचं पुसट, कडेचं तेवढं दिसतं, म्हणायचे. एप्रिलमध्ये इथे नर हरणं माजावर येऊन डोंगरात ओरडत फिरतात. तो सीझन आपला शेवटचा, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि त्यात त्यांना एक हरीण हवं होतं. नीट, एका गोळीत. "डोळा आणि बोट तुझं, बाकी सगळं माझं," म्हणत त्यांनी आपली रायफल माझ्यापुढे ठेवली. लायसन्स मी हौसेने काढून ठेवलंच होतं.

बायको म्हणाली, "अहो, घरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढता तुम्ही!"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. रायफलवरची दुर्बीण नेमाला जुळवायची म्हणजे माझंच काम की! भोसरीच्या कारखान्यात क्वालिटीत पंधरा वर्षं काढली, इथे ख्राइस्टचर्चला मापयंत्रं तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिला दोन नॉब, एक वर-खाली, एक डावं-उजवं. एक क्लिक फिरवलं की शंभर मीटरवर गोळी एक सेंटिमीटर सरकते. यात काय एवढं? कोणत्या अंतराला किती क्लिक, याचा मी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि लॅमिनेटसुद्धा करून घेतला.

ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या फार्मवर, टेकडीच्या पोटाशी आम्ही कागद लावला. पहिली गोळी उजवीकडे गेली. फिरवला नॉब. दुसरी खाली. फिरवला. तिसरी डावीकडे, वर. अरे देवा! सकाळ संपली, गोळ्यांची डबी संपत आली, कागदाची चाळण झाली, पण बशी काही जमेना. दुर्बिणीला, ती बनवणाऱ्याला, वाऱ्याला, सगळ्यांना नावं ठेवून झाली. भोसरीत एका तुकड्यावरून मशीनचं सेटिंग बदलणाऱ्या ऑपरेटरवर मी काय ओरडायचो! आधी पाच तुकडे काढा, मोजा, मग हात लावा! आणि इथे स्वतः दर गोळीला नॉब पिळत बसलो होतो. पण तेव्हा ते सुचेल तर शप्पथ.

"आण इकडे, मी भरून देतो," आजोबा म्हणाले. त्यांनी चाचपत गोळी भरायचा बोल्ट मागेपुढे केला आणि रायफल माझ्या हातात दिली. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. खट्ट. आत गोळीच नव्हती! आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलं आणि माझे डोळे गच्च मिटले. धमाक्याच्या धास्तीने मी गोळी सुटायच्या आधीच दचकत होतो.

"दुर्बीण ठीक आहे," आजोबा म्हणाले. "मला फारसं दिसत नाही, पण एवढं दिसलं."

लाज वाटली हो. तक्ता गुपचूप खिशात घातला.

मग तीन आठवडे रोज संध्याकाळी मी हॉलमध्ये रिकामी रायफल घेऊन पालथा पडायचो. नळीच्या टोकावर दोन डॉलरचं नाणं ठेवायचं, चाप ओढायचा, नाणं पडता कामा नये. आधी ते रोज पडायचं. सोफ्यावरून लेक म्हणायची, "बाबा, यू ब्लिंक्ड अगेन." बायको पहिले दोन दिवस पोट धरून हसली, मग तीच नाणं ठेवायला शेजारी बसायला लागली.

पुन्हा फार्मवर गेलो. दोनशे मीटरला तिन्ही गोळ्या बशीत! आजोबांनी कागदावरून बोट फिरवून भोकं मोजली. "स्वीट अ‍ॅज!" इथल्या बोलीत म्हणजे एकदम झकास. तीनशे मीटरला मात्र दोन आत, एक बाहेर.

"मग दोनशे," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये डोंगर चढलो. आजोबा माझा खांदा धरून, थांबत थांबत. ओरडण्याचा आवाज आला तसा त्यांनी बरोबर त्या दिशेला हात केला. समोरच्या उतारावर नर उभा होता. मधे खोल दरी, जवळ जायला वाट नाही. मी अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. तीनशे दहा.

आकडा फक्त मलाच दिसत होता. दोनशे म्हटलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. तक्ता खिशात होता, क्लिक मोजून फिरवले की काम झालं. गोळी लागलीही असती कदाचित.

"किती?" आजोबांनी विचारलं.

"तीनशे दहा. तिथे माझी एक बाहेर जाते."

मला इतकं वाईट वाटलं की म्हणावंसं वाटलं, जाऊ दे, मारून बघतो. तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला, रायफलमधल्या गोळ्या काढून घेतल्या आणि खिशात टाकल्या.

"आता बघ, आणि मला सांग. कसा आहे?"

मी दुर्बिणीला डोळा लावला. शिंगांना किती फाटे, मानेवर वाळलेला चिखल, ओरडताना तोंडातून निघणारी वाफ, एकेक सांगत गेलो. ते मधेच विचारायचे, "आता कुठे बघतोय?" आणि मी सांगायचो. असं चांगलं वीस मिनिटं चाललं. मग तो वळला आणि झाडीत शिरला.

"गेला," मी म्हणालो.

"झाला माझा सीझन," आजोबा म्हणाले आणि त्यांनी चहाचा थर्मास उघडला.