पांढऱ्या दोऱ्याचं हिरवं फूल

काचघरातल्या माळ्याला सगळे मामा म्हणत. वीस वर्षं त्यानं त्या दमट काचांखाली झारी धरली, आणि वीस वर्षांत एकही कुंडी चुकली नाही, हे तो स्वतःच सांगे. दुसऱ्या कुणी सांगायची वाट पाहत नसे.

काम संशोधक बाईंचं. मोहरी, पेटुनिया, सदाफुली, अशी एकमेकांशी नातं नसलेली झाडं घ्यायची आणि फूल घडवणारी जनुकं कुणात कशी चालतात ते ताडून पाहायचं. बाईंनी त्याला सोपं करून सांगितलं होतं, पाकळीला पाकळी हो म्हणून आतून कुणीतरी सांगावं लागतं. तो सांगणारा गप्प केला, की पाकळीचं पान होतं. गप्प केलेल्या झाडाला लाल दोरा, हात न लावलेल्याला पांढरा. लाल दोऱ्यावर हिरवं फूल उमललं की बाई मामाला चहा पाजत. बिघडलेली कळी दिसली की खुडायची, ही हातांची जुनी खोड मामानं त्या चहात बुडवली.

सदाफुली त्याच्या धाकट्या बहिणीच्या रोपवाटिकेतली. नवरा गेल्यावर त्या रोपांवर आणि बियाण्यावरच तिनं घर तोलून धरलं होतं. पांढऱ्या दोऱ्याची उरलेली रोपं मामा बाईंना विचारून तिला परत नेऊन देई.

एका सकाळी पांढऱ्या दोऱ्यावर हिरवं फूल दिसलं. बांधताना आपलाच हात चुकला, असं त्याला वाटलं आणि ते त्याला सोसवेना. इकडेतिकडे पाहून त्यानं दोरा बदलला. आठवड्यात आणखी तीन निघाली. त्यांचेही दोरे लाल झाले. उरलेली रोपं त्यानं बहिणीकडे पोचवली. उचलताना पानांखालून बारीक तुडतुडे उडाले, ते त्यानं हातानं हाकलले.

महिन्यानं बाईंनी पानं तपासली आणि त्याला बोलावलं.

"मामा, या लालमधले पांढरे किती होते?"

त्यानं मान खाली घातली. "चार."

बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. दोरा चुकला नव्हता, त्या चारांना रोग आहे, म्हणाल्या. तुडतुडे तो झाडाझाडांत नेतात, औषध नाही, लागलेल्या फुलात बी धरत नाही. मग हळूच विचारलं, परत नेलेली रोपं कुठं आहेत?

मामा तसाच निघाला.

बहीण फाटकातच हसत उभी होती. "दादा, आज चहा तू पाजायचास. तुझं ते हिरवं फूल माझ्याकडंही आलंय. एक नाही, ओळच्या ओळ. तुझ्यासाठी राखलंय, एक खुडलं नाही."

मामा वाफ्याच्या टोकाशी गेला. वारा पडलेला होता. त्यानं पानांवरून हात फिरवला. धुळीसारखे कण उडाले आणि शेजारच्या, अजून गुलाबी असलेल्या ओळीवर जाऊन बसले.

"यांना बी कधी धरेल रे?" तिनं मागून विचारलं.

मामानं पहिलं रोप मुळासकट उपटलं.