दारावरची सुटायची वेळ

कुणाच्या अंगात आलं की मी बिडी ओढत मुद्दाम समोर जाऊन बसायचो आणि हसायचो. भूतखेत, करणी, काही मानलं नाय. शाळा चौथीपर्यंत, पण मालाच्या बोटीवर एकवीस वर्षं खलाशी होतो, अर्धी दुनिया पाहिलीय. तेव्हा हे वाचून म्हातारा चळला असं कुणी समजू नये. नातीला टाईप करायला दिलंय आणि एक शब्द सुधारायचा नाय असं बजावलंय.

आमचं घर आटगाव स्टेशनापासून तानसा तलावाच्या अंगाला, चालत पाऊण तास. नव्वदच्या आसपास बोट सोडून मी कायमचा घरी आलो. संध्याकाळी ओटीवर माणसं जमायची आणि मी त्यांना बंदरं सांगायचो. बंदर लागलं की खलाशाला दोन गोष्टी मिळतात... घरचं टपाल आणि बाहेर फिरायची सुट्टी. उतरायच्या शिडीपाशी काळा फळा असायचा. त्यावर आमचा मालम — म्हणजे बोटीवरचा मोठा ऑफिसर — खडूने सुटायची वेळ लिहायचा. चार आकडे. संध्याकाळचे पाच म्हणजे 1700. त्याच्या आत परत यायचं, बोट कुणासाठी थांबत नाय. पण पाऊस लागला की माल उतरवणं बंद. मग मालम फळा पुसून पुढची वेळ टाकायचा आणि आमी दाढीमिशावाले बाप्ये पोरांसारखे ओरडायचो. त्या फुकटच्या दोन तासांसारखं सुख जमिनीवर कधी मिळालं नाय.

लिस्बनची ट्राम मी फार रंगवून सांगायचो. चढावर धापा टाकणारी पिवळी गाडी, मागे लोंबकळणारी पोरं. ट्राम आली की आतून माझी बायको चांगुणा ओरडायची, "ट्राम सांगितलीत, आता ती बटणवाली पण सांगा की!" सगळी ओटी हसायची.

त्याचं असं की त्या सफरीहून आलो तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टाचं एक बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं तिला दिसलं होतं. कोणी लावलं, विचारलं तिने. मी बोललो नाय. पंचवीस वर्षं बोललो नाय.

खरं ते आज लिहितो. लिस्बनला टपाल आलं त्यात आमची धाकटी मुलगी तापाने गेल्याचं होतं. जाऊन दीड महिना झालेला. दोन ओळींपुढे माझ्याने वाचवेना, बाकीचं सोबत्याने वाचून दाखवलं. मी एकटाच शहरात चालत सुटलो, एका खाणावळीत शिरलो. तिथल्या बोळक्या तोंडाच्या म्हातारीने हिरव्या पाल्याचं सूप पुढ्यात ठेवलं आणि मी त्या वाडग्यावर वाकून हुंदके देऊन रडलो. तिने सुईदोरा आणला आणि माझ्या अंगावरच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत बसली. इतकी बंदरं पाहिली, पण माझं लाडकं तेच. घरी आलो तर चांगुणा म्हणाली, "तुमच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाय?" मी म्हटलं, "रडून पोर परत येते काय?" ताठा... दुसरं काय.

दोन हजार एक साली भातकापणीत ती आजारी पडली. शहापूरच्या डॉक्टरने दोन दिवस सांगितले, घरी न्या म्हणाला. तिची खाट मधल्या काळ्या दारासमोर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज भरवत होतो.

"त्या म्हातारीचं सूप बरं होतं," ती म्हणाली. "हिरवं."

"कोणती म्हातारी गो?"

"बटणवाली. उगाच तुमाला छळलं मी. तिच्या तोंडात एकही दात नाय." हसली. मग म्हणाली, "किती रडलाव हो तुमी."

मी चमचा वाटीत ठेवला. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सोबत्यालाही नाय.

मग ती काळ्या दाराकडे बघून धडपडायला लागली. "उठवा मला. बोट चारला सुटते. सगळी चढली."

चांगुणा कल्याणच्या पुढे कधी गेली नाय, अक्षर तिला येत नव्हतं. साडेतीन वाजलेले. श्वास असा लागला की सून रडायला लागली. मला काय सुचलं, नातीच्या पाटीवरचा खडू उचलला आणि दारावर मोठं लिहिलं, 1800.

"पाऊस लागलाय गो. माल उतरत नाय. सहाला सुटणार."

बाहेर लख्ख ऊन. पण ती निजली. श्वास खाली बसला.

मग रोज तेच. वेळ जवळ आली की पुसायची, पुढची टाकायची. मुलगा वाशिंदच्या कंपनीत, तो वैतागला. "बाबा, हा काय पोरखेळ?"

"तुझा डॉक्टर काय करतोय मग?"

नऊ दिवस ओढले. एका दुपारी तिचा हात धरून म्हटलं, "रडलो होतो गो मी." ती म्हणाली, "माहीत हाय. बघितलं ना."

दहाव्या सकाळी उठलो तर दारावर माझे आकडे नव्हते. 1700 होतं. साताच्या मधोमध आडवी रेघ. आमचा मालम अशी रेघ द्यायचा, मी कधीच नाय. नात सात वर्षांची, तिचा हात तिथवर पोचत नव्हता. घरातल्या प्रत्येकाला विचारलं, ओरडलो, शिव्या दिल्या. मग ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं आणि 2000 लिहिलं.

"ते तुमचं अक्षर," चांगुणा पडल्या पडल्या म्हणाली. "आधीचं त्याचं होतं."

"पाऊस हाय गो अजून..."

"थांबला."

"मग मी पण येतो."

"तुमची सुट्टी हाय अजून. फिरा."

दिवसभर मी तिचा हात सोडला नाय. कितीदा पुसलं, कितीदा लिहिलं. बरोबर पाचला गेली.

लोक म्हणतात, झोपेत तूच लिहिलंस. पन्नास वेळा कागदावर सात काढून पाहिला, माझ्या हाताला ती रेघ येत नाय. आणि सूप? दात?

मुलाने घर रंगवलं, ते दार मी रंगवू दिलं नाय. खडू चौकटीवर ठेवलाय. सकाळी उठलो की आधी दार बघतो.

कोरं असतं.