वाघरावर मोडलेला दस्ता

छावणीतल्या कारखान्यात मी चौदा वर्षं बंदुका उघडल्या आणि जोडल्या. लढाई संपल्यावर काम आटलं, आमच्यासारख्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं आणि मी घोटावड्याला परत आलो. शेत भाऊ बघत होते. त्यांच्यात मी म्हणजे भाताच्या खाचरात उभी केलेली खुर्ची. गावाने मला मिस्त्री हे नाव दिलं, पण काम काही दिलं नाही. मग धरणाखाली जमिनी जाण्यावरून तंटा पेटला, सरकारने पेट्यातल्या, म्हणजे तालुक्याच्या आमच्या पोटविभागातल्या, परवान्याच्या बंदुकांची तपासणी काढली, आणि मी एकदम शहाणा ठरलो.

पावसाळा सरता सरता, एका दुपारी, नेऱ्याकडच्या माळावरचा धनगर घोंगडीत बंदूक गुंडाळून माझ्याकडे आला. मागे त्याची बायको होती. दोघं अंगणातच बसली. दुसऱ्या दिवशी बंदूक पौडच्या कचेरीत दाखवायची होती आणि तिच्यावरचा नंबर कुणालाच सापडत नव्हता. नंबर पटला नाही तर बंदूक जमा होणार, आणि परवाना एका बंदुकीचा नि हातात दुसरी, असा खटलाही उभा राहणार. त्याच्याकडे सव्वाशे मेंढरं होती. बंदुकीशिवाय त्या माळावर राहणं म्हणजे रोज एक मेंढरू वाघराला वाढून ठेवणं.

बंदूक मूळची पलटणीची रायफल होती. पलटणीला नव्या आल्यावर अशा जुन्या रायफलींच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, घासून काढत, गोळी लांब जाऊ नये म्हणून, आणि मग त्या छर्ऱ्याच्या बंदुका म्हणून गावोगाव परवान्यावर देत. अशा शेकडो माझ्या हातून गेल्या होत्या. नंबर नळीवर मागच्या बाजूला असायचा. मी तिथं बोट फिरवलं, तर ताटासारखं गुळगुळीत. लष्करी बंदुकीला काळपट निळी झाक असते, तिचा मागमूस नव्हता. सगळी नळी चांदीसारखी चमकत होती.

हे कुणी केलं, असं मी विचारलं. धनगराने बायकोकडे पाहिलं. दर दसऱ्याला घरातली भांडी निघायची तशी बंदूकही निघायची. पितळ चिंचेने, लोखंड विटेच्या भुकटीने आणि राखेने, काथ्याची चोथरी घेऊन घासायचं, मग हळदकुंकू लावून पुजायची. अकरा दसरे तिने हे केलं होतं. शस्त्र देवापुढे मळकं कसं ठेवायचं, असं ती हळूच म्हणाली.

माझं डोकं फिरलं. कारखान्यात एखाद्याने नंबरावर कानस लावली असती तर त्याचे दिवस भरले असते. मी तिला नको नको ते बोललो. बंदूक काय तांब्या आहे का, हात लावलास तिथं वाटोळं केलंस, असं शेजारपाजाऱ्यांदेखत सुनावलं. ती उठली. पदर तोंडाशी धरून जोत्याच्या कडेला जाऊन बसली.

मग मी बंदूक खोलली. रागात हात चांगला चालतो. अशा बंदुकीचे भाग एकमेकांना हाताने बसवलेले असत, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला लागत नसे. सुटे भाग मिसळू नयेत म्हणून बसवणारा कारागीर प्रत्येकावर आतल्या अंगाला कानशीने सारखेच काप द्यायचा. नळीच्या पोटाला, लाकडाखाली, मला तीन काप सापडले. तिथं चोथरी पोचली नव्हती. घोडा ज्यात बसतो त्या खटक्याच्या आतल्या पट्टीवर तीन काप. चापाखालच्या पितळी कमानीवर तीन काप. घोडा मात्र नवा होता, गावठी लोहाराचा, ओबडधोबड, त्यावर काहीच नव्हतं. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं मागचं लाकूड, सुताराने शिवणीचा करून मुठीच्या जागी लोखंडी कडं घालून जोडलेला. पण त्याच्या बुडाची पितळी पट्टी जुनीच होती. ती काढून उलटी केली, तर तीन काप.

नळी, खटका, कमान, पट्टी मूळची, घोडा आणि दस्ता नंतरचे, असं मी धनगराला सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. पण मला ठाऊक होतं, कचेरीतल्या वहीत काप लिहिलेले नसतात, नंबर लिहिलेला असतो. तोच नंबर जुन्या दस्त्यावर डागलेला असणार. दस्ता कुठं गेला, असं विचारलं. सहा वर्षांमागं वाघरू कळपात शिरलं, काडतूस भिजलेलं, उडेना, तेव्हा त्याने बंदूक उलटी धरून वाघराच्या टाळक्यात घातली होती. वाघरू पळालं आणि दस्ता मोडला. तुकडा चुलीत गेला असेल, असं तो म्हणाला. मी बंदूक जोडली. सकाळी पौडला जाऊन काप दाखवू, बघू काय होतं ते, म्हटलं. आशा फारशी नव्हती.

सकाळी मी माळावरच्या त्यांच्या धनगरवाड्यावर गेलो. आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी होती. ती नवऱ्याशी बोलली, माझ्याकडे न बघता.

"मिस्त्रीस्नी इचारा, लाकूड बी लागतंय का."

कसलं लाकूड, म्हणून मी थांबलो. ती आत गेली आणि देवाच्या फळीवरून लाल फडक्यात बांधलेली गाठ घेऊन आली. माझ्या हातात न देता तिने ती उंबऱ्यावर ठेवली. आत काय आहे हे धनगरालाही ठाऊक नसावं: जुना दस्ता होता, हळदकुंकवाने पिवळालाल झालेला. कुंकू खरवडलं तर खाली डागलेला नंबर, आकडान् आकडा.

"काल का न्हाई सांगितलंस?" धनगर म्हणाला.

"काल सांगाया त्वांड कुटं हुतं मला? त्या लाकडानं माजं कुकू राखलं, म्हून देवात ठिवलंय. पर म्या घासलेलं समदं खराबच झालंय म्हनत्यात. वाटलं, ह्येबी म्या नासवलंच आसंल."

मला लाज वाटली. चौदा वर्षं हत्यार हाताळणाऱ्या मला जे तिला विचारायचं सुचलं नाही, ते तिच्या फळीवर होतं, आणि तिचं तोंड मीच बंद केलं होतं. पण त्या घडीला मी तुकडा उचलून काखेत मारला. चल, उशीर होतोय, एवढंच धनगराला म्हणालो.

कचेरीत कारकुनाने वही काढली, नंबर जुळवला आणि म्हणाला की हा तुकडा याच बंदुकीचा कशावरून? मी नव्या दस्त्याची पितळी पट्टी काढली आणि जुन्या लाकडाच्या बुडावर ठेवली. ती खट्कन बसली. दोन्ही भोकं जुळली. पट्टी जिथं बसायची तिथं लाकडावरही तीन काप होते. तीच पट्टी सुताराच्या दस्त्यावर बसवायला लाख भरावी लागली होती. पेट्याचा कारभार पाहणाऱ्या महालकरीसाहेबांनी स्वतः पट्टी दोनदा लावून पाहिली. मग नव्या दस्त्यावर नंबर घालायचा हुकूम झाला. जुना तुकडा आता कशाला, ठेवा इथं, असं कारकून म्हणाला, तेव्हा मी तो मागून घेतला. देवातला आहे, एवढं सांगितलं.

त्या दसऱ्याला त्यांनी मला बोलावलं. भांडी लखलखत होती. बंदूक मात्र तशीच, धुळीची, कोपऱ्यात उभी. तिने ती घासली तर नव्हतीच, साधी पुसलीही नव्हती. मी खिशातून तेलाची बाटली आणि मऊ फडकं काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. माझंच चुकलं, वहिनी, राख नको, तेलाने तुम्हीच पुसा, असं म्हणालो.

"म्या हात लावू?"

"तुम्हीच लावायचा."

तिने बंदूक मांडीवर घेतली आणि पुसायला लागली. नळीच्या मागच्या बाजूला, जिथला नंबर तिच्याच घासण्याने केव्हाच गेला होता, तिथं येताच तिचं फडकं थांबलं. तेवढी जागा सोडून ती पुढं पुसत गेली.